क्लास किती हवेत, आणि गोंधळी, शिलेदार, वैद्य यांचं काय करायचं

प्रश्न इंदूरच्याच एका नव्या गटाचा आहे. राजेंद्रनगर भागातले पाच खेळाडू आणि एक गेम मास्टर (गोष्ट चालवणारा आणि निवाडा देणारा), सगळे मराठी घरांतले. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवून खेळायच्या खेळाची २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळायचं ठरलं आहे, पण जग माळव्यासारखं हवं आहे: नर्मदेचे घाट, विंध्यातल्या वाटा, किल्ले, छावण्या, अठराव्या शतकातल्या मराठी फौजेसारखी माणसं. गटात दोन मतं पडली आहेत. एक मुलगा म्हणतो, फायटर (लढवय्या), थीफ (चोर), क्लेरिक (धर्मगुरू), विझार्ड (मांत्रिक) एवढे चार क्लास, म्हणजे पात्राच्या विद्येचे साचे, पुरे, बाकीचा पसारा नको. एक मुलगी म्हणते, बाराच्या बारा हवेत, शिवाय नेटवर मिळणारे घरगुती क्लास चालू द्यावेत, आणि आपल्या मातीतले गोंधळी, शिलेदार, बारगीर, वैद्य, जासूद हे नव्याने बनवावेत. यातलं काय ऐकायचं, असं गेम मास्टरने विचारलं आहे.

माझं मत आधी सांगतो. पुस्तकातले बारा क्लास खुले ठेवा आणि नवा क्लास एकही बनवू नका. तुमच्या यादीतली पाचही माणसं खेळात येऊ शकतात, अगदी ठसठशीतपणे येऊ शकतात, पण त्यातल्या एकालाही वीस लेव्हलचा नवा तक्ता लागत नाही.

दोन क्लास खरोखर वेगळे आहेत की नाही, हे मी तीन गोष्टींवरून ठरवतो. लढाईत टर्न आली की खेळाडूसमोर कोणते पर्याय असतात, आणि त्यातला एक घेताना त्याला कशावर पाणी सोडावं लागतं? त्याची ताकद केव्हा संपते आणि केव्हा भरून येते? आणि तलवार म्यानात असताना, म्हणजे बाजारात, दरबारात, मुक्कामावर, त्याला असं काय जमतं जे शेजारी बसलेल्याला जमत नाही? तिन्ही उत्तरं सारखी आली तर एकाच क्लासला दोन अंगरखे चढवलेत, एवढंच.

या कसोटीवर यादी वेगळीच दिसायला लागते. विझार्ड आणि सॉर्सरर दोघेही मंत्र टाकणारे, लांबून एकसारखे. पण विझार्ड पहिल्या लेव्हलला सहा स्पेल (मंत्र) लिहिलेली वही घेऊन येतो, लेव्हलमागे त्यात दोन भर घालतो, कुठे सापडली तर आणखी उतरवून घेतो, आणि रोज सकाळी आज काय लागेल याचा अंदाज बांधतो. सॉर्सररला पहिल्या लेव्हलला स्पेल येतात दोन. पुढेही मोजकेच येतात, पण तिसऱ्या लेव्हलपासून ते त्याला वाकवता येतात: एकाचे दोन निशाणे करता येतात, आवाज न करता टाकता येतात. एकाचा कस सकाळी लागतो, दुसऱ्याचा ऐन वेळी. वॉरलॉक तिसराच. दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत त्याच्याकडे स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या खेपा, फक्त दोन, पण तासाभराच्या छोट्या विश्रांतीत ते परत येतात. हे तीन क्लास ठेवायलाच हवेत.

उलट एकाच नावाखाली दोन क्लास दडलेले असतात. तिसऱ्या लेव्हलला चॅम्पियन होणारा फायटर डी२० (वीस बाजूंच्या फाशा) वर १९ आला तरी क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा वार, मारतो. त्याला ठरवायचं फारसं काही नसतं आणि पुष्कळांना तेच आवडतं. बॅटल मास्टर झालेल्या फायटरकडे चार डी८ फासे येतात. ते खर्चून कुणाला पाडायचं, कुणाच्या हातातलं हत्यार उडवायचं, कुणा साथीदाराला वार करायची संधी द्यायची, हे त्याला दर टर्नला ठरवावं लागतं. माझ्या हिशेबी हे दोन वेगळे क्लास आहेत, पुस्तक त्यांना काहीही म्हणो.

आता तुमच्या चार-क्लासवाल्या मुलाची बाजू. ती कमजोर नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हा त्यात क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. त्यातला क्लेरिकही टेबलावरच्या गरजेतून आलेला. आर्नेसनच्या ब्लॅकमूर खेळात एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं आणि कुणालाच आवरेना, तेव्हा त्याला तोंड देणारा धर्मगुरू उभा केला गेला. मरूनही वावरणाऱ्यांना पळवून लावायची क्लेरिकची शक्ती तिथून आली आहे. एक क्लास येण्यासाठी याहून चांगलं कारण मला माहीत नाही: टेबलावर एक अडचण होती, आणि ती कुणाच्याच हातून सुटत नव्हती.

थीफची गोष्ट याच्या उलट आहे, आणि नवा क्लास बनवायला बसलेल्या प्रत्येकाने ती नीट समजून घ्यावी असं मला वाटतं. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात खेळणाऱ्या मंडळींकडून ही कल्पना गायगॅक्सपर्यंत पोचली आणि १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत थीफ छापला गेला. पुढे याच क्लासला इंग्रजीत 'रोग' (Rogue) म्हणू लागले. मी या उत्तरात थीफच म्हणतो. थीफ येण्याआधीही लोक लपत होते, कुलपं उघडत होते, सापळे शोधत होते. खेळाडू सांगायचा, मी काठीने फरशी ठोकत पुढे जातो, आणि गेम मास्टर ठरवायचा. थीफ आल्यावर त्याच गोष्टी त्याच्या तक्त्यात टक्केवारीने लिहिल्या गेल्या. १९८१ च्या बेसिक पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या थीफला कुलूप उघडण्याची शक्यता १५% आणि सावलीत लपण्याची १०%. म्हणजे थीफला स्वतःचंच काम धड जमत नव्हतं, आणि बाकीच्यांनी ते करून पाहणं सोडलं, कारण आता ते 'थीफचं काम' झालं होतं.

नवा क्लास नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातातलं काढून घेतो. कधी ते योग्य असतं, पण काढून घेतो हे नक्की.

हे पाहायचं असेल तर गटाला सराफ्यात न्या. आपल्या सराफ्यासारखी एक पेठ घ्या: दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची गर्दी. एका सोनाराच्या दुकानातल्या पेटीतून एक पत्र आणायचं आहे, आणि बाहेर मध्यरात्रीपर्यंत माणसांची रीघ. टेबलावर थीफ असेल आणि तुम्ही जुन्या पद्धतीने चालत असाल, तर चार जण फासे बाजूला ठेवून एकाचा खेळ बघत बसतात. पाचव्या आवृत्तीत हे बरंच सुधारलं आहे. लपण्याचा प्रयत्न कुणीही करू शकतो, थीफ त्यात फक्त फार चांगला असतो. त्याची खास खूण आता वेगळी आहे: संधी साधून केलेल्या वाराला जास्तीचे फासे, पहिल्या लेव्हलला एक डी६ आणि दर दोन लेव्हलला एक वाढीव, आणि दुसऱ्या लेव्हलपासून वार करून त्याच टर्नमध्ये निसटायची सोय. त्यामुळे सराफ्यात बार्ड (गाणारा, गोष्टी सांगणारा) गर्दी आपल्याभोवती गोळा करतो, फायटर कढईवाल्याशी भांडण उकरून काढतो, विझार्ड मंत्राने भलतीकडेच आवाज उठवतो आणि थीफ आत शिरतो. सगळेच कामाला लागतात.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण त्यातलं तुमच्या कामाचं थोडंच आहे. १९७५-७६ मध्ये पॅलडिन, मंक, असॅसिन, रेंजर, ड्रुइड, बार्ड असे एकामागून एक क्लास आले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ क्लास अकरा होते, पण कुठल्याही लेव्हलला क्लास बदलायची मोकळीक होती आणि वर प्रेस्टीज क्लासची, म्हणजे अटी पुऱ्या केल्यावरच घेता येणाऱ्या क्लासची, रास. पात्र घडवणं हाच एक स्वतंत्र खेळ झाला. ज्यांना तो आवडतो त्यांच्यासाठी तो काळ सोन्याचा होता. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने प्रत्येक क्लासवर चारपैकी एका भूमिकेचा शिक्का मारला: आघाडी सांभाळणारा, मारा करणारा, साथीदारांना बळ देणारा, मैदान ताब्यात ठेवणारा. गेम मास्टरच्या डोक्यात ही विभागणी असावी, फार उपयोगी पडते. खेळाडूच्या कागदावर छापली की ती त्याला नेमून दिलेलं काम वाटते. २०१४ मध्ये बारा क्लास झाले, २०१९ मध्ये आर्टिफिसर तेरावा आला, आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात त्याच बारा क्लासना प्रत्येकी चार याप्रमाणे ४८ उपक्लास (क्लासच्या आतल्या शाखा, जसे चॅम्पियन आणि बॅटल मास्टर) आहेत.

चार क्लासवर चालणारे चांगले खेळ आजही आहेत. २०२३ च्या शॅडोडार्कमध्ये चारच क्लास आहेत, पण तिथे लेव्हल वाढताना टॅलेंट (खास गुण) फाशाने पडतात, त्यामुळे दोन फायटर हळूहळू वेगळे होतात. २०२५ च्या डॅगरहार्टमध्ये नऊ क्लास नऊ डोमेनमधून (शक्तींच्या गटांमधून) बनले आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला दोन डोमेन, आणि प्रत्येक डोमेन दोन क्लासमध्ये वाटलेलं. मांडणी म्हणून मला ती फार आवडते. रूनक्वेस्ट तर १९७८ पासून क्लासशिवायच चालला आहे. जे कौशल्य वापराल ते वाढतं. पण पाचव्या आवृत्तीत चारच क्लास ठेवले तर दुसरं काही वैविध्य आपोआप येत नाही, कारण तो खेळ क्लासवरच उभा आहे. म्हणून तिथे बाराच ठेवा.

इथवरचं सगळं पुस्तक वाचून कळतं. ज्या गोष्टीमुळे बहुतेक टेबलांवर बारा क्लास असूनही सगळे सारखे वाटतात, ती वेगळी आहे: विश्रांती.

२०१४ च्या गेम मास्टरच्या पुस्तकाने गृहीत धरलं आहे की दोन लांब विश्रांतींच्या (रात्रभराच्या झोपेच्या) मध्ये सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी होतील, आणि मधे साधारण दोन छोट्या विश्रांती. आपल्याकडे सेशन होतं रविवारी सकाळी, पोहे-जिलेबी आटोपल्यावर, तीन-साडेतीन तास. त्यात एक लढाई होते, फार तर दोन. मग पात्रं झोपतात आणि पुढच्या रविवारी सगळे ताजेतवाने. अशा खेळात विझार्ड आणि पॅलडिन आपली सगळी ताकद त्या एकाच लढाईत ओततात. पाचव्या लेव्हलला विझार्डने फायरबॉलचे आठ डी६ टाकले, पुन्हा टाकले, की फायटरच्या दोन वारांकडे कुणाचं लक्ष जात नाही. वॉरलॉकला आपले स्लॉट परत मिळवायची संधीच येत नाही. मंकच्या 'की' नावाच्या शक्तीचं तेच, बॅटल मास्टरच्या फाशांचं तेच. छोट्या विश्रांतीवर जगणारे सगळे क्लास अशा टेबलावर अर्धे मरतात. मग खेळाडू म्हणतात, वॉरलॉक कमजोर आहे, मंक बेकार आहे, आम्हाला दुसरे क्लास द्या. मागणी नव्या क्लासची असते, दुखणं वेळापत्रकाचं असतं.

तुमच्या माळव्याच्या जगाला याचा इलाज अगदी चपखल बसतो. त्याच पुस्तकात एक पर्यायी नियम आहे: छोटी विश्रांती आठ तासांची, लांब विश्रांती सात दिवसांची. मजल दरमजल करत चाललेल्या फौजेला हा नियम शोभतो. वाटेतला मुक्काम, राहुट्या, शेकोटी, पहारा, ही छोटी विश्रांती. लांब विश्रांती मिळणार ती नदीकाठच्या एखाद्या मोठ्या गावात किंवा किल्ल्यात, आठवडाभर तळ पडला तरच. आता एक 'दिवस' तीन-चार रविवार चालतो. विझार्डला प्रत्येक स्लॉट जपावा लागतो, वॉरलॉक रोज पहाटे भरलेला उठतो, फायटर कायम उपयोगी राहतो. एकही क्लास न वाढवता बाराही जिवंत होतात. एक दुरुस्ती मात्र करा: आठ तास टिकणारे स्पेल, जसं मेज आर्मर, या हिशेबात फार लवकर संपतात, ते पुढच्या मुक्कामापर्यंत टिकतील असं ठरवून टाका. आणि हा नियम पहिल्या सेशनआधी सगळ्यांना सांगा, कारण क्लास निवडताना तो माहीत असणं खेळाडूचा हक्क आहे.

आता मातीतल्या क्लासकडे वळतो. इथे एक गोष्ट मला तळमळीने सांगायची आहे.

आपल्या इतिहासातून क्लास बनवायला गेलं की हात पहिल्यांदा जातीकडे जातो. धनगर म्हणजे अमुक शक्ती, भिल्ल म्हणजे रेंजर, ब्राह्मण म्हणजे मंत्र टाकणारा, रामोशी म्हणजे पहारेकरी. हे करू नका. खेळाच्या भाषेत कारण सांगायचं तर, १९८१ च्या बेसिक पुस्तकात एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग हे काल्पनिक वंशच स्वतंत्र क्लास होते. एल्फ जन्माला आला की तो थोडं लढणार आणि थोडे मंत्र टाकणार, दुसरं काही होऊच शकत नाही. त्या खेळातले सगळे एल्फ एका साच्यातले झाले, आणि पुढच्या आवृत्त्यांनी ती गाठ सोडवली. आपल्या समाजाच्या भाषेत कारण सांगायचं तर, जन्माने काम ठरवणारी व्यवस्था खऱ्या माणसांनी भोगली आहे. आपल्या पाच जणांच्या टेबलावर तिला नियमाचं बळ का द्यायचं? आणि इंदूरच्या माणसाला तर उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. १६९३ मध्ये धनगर घरात जन्मलेले मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार झाले. त्यांच्या सुनेने, अहिल्याबाईंनी, १७६७ ते १७९५ राज्य चालवलं, तेही महेश्वरात बसून. घराणं, गाव, बोली, कुलदैवत हे सगळं पात्राच्या पूर्वकथेत भरभरून येऊ द्या. क्लास म्हणजे त्या माणसाने काय शिकून घेतलं, एवढंच राहू द्या.

मग यादीतली पाच माणसं.

शिलेदार आणि बारगीर हे क्लासच नाहीत, नोकरीच्या अटी आहेत, आणि म्हणूनच खेळात ते सोन्यासारखे आहेत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येई. फायटर, रेंजर, पॅलडिन, थीफ, कुणीही यातलं एक असू शकतो. नियम साधा ठेवा. बारगिराचा घोडा पडला तर पुढच्या छावणीत दुसरा मिळेल, पण लुटीतला मोठा हिस्सा सरकारचा आणि हुकूम मोडता येणार नाही. शिलेदाराला पगार जास्त, हिस्सा जास्त, पण घोडा गेला तर त्याचा गेला. पुस्तकात लढाऊ घोड्याची किंमत ४०० सोन्याची नाणी आहे, आणि तयार सामानाऐवजी सोनं घेऊन सुरुवात करणाऱ्या फायटरच्या हातात सरासरी १२५ पडतात. म्हणजे शिलेदार खेळणाऱ्याने पहिल्याच दिवशी सावकाराचं कर्ज घेतलेलं असणार. आमच्या टेबलावर एक बारगीर आणि एक शिलेदार शेजारी होते, दोघेही चॅम्पियन फायटर, आकडे जवळजवळ तेच. भाल्यांच्या रांगेवर घोडा घालायची वेळ आली की बारगीर बिनधास्त घालायचा आणि शिलेदार खाली उतरून पायी जायचा. माझ्या पहिल्या कसोटीला ते दोघे वेगळे उतरले, आणि त्यासाठी दोन ओळींचा नियम पुरला.

जासूद म्हणजे वेषांतराचं सामान आणि दोन जास्त भाषा घेतलेला थीफ. याला आणखी काही लागत नाही.

गोंधळ्यासाठी बार्ड घ्या. लग्नानंतरचा गोंधळ तुमच्यापैकी बहुतेकांनी घरात पाहिला असेल: संबळ, तुणतुणं, पेटलेली दिवटी, आणि ठिकठिकाणच्या देवदेवतांना नाव घेऊन, गावाचं नाव घेऊन बोलावणं. खेळात आणण्याजोगी गोष्ट हे बोलावणं आहे. बार्डचा प्रेरणेचा फासा पहिल्या लेव्हलला डी६ असतो. गोंधळी प्रत्येक लांब विश्रांतीच्या शेवटी तीन ठिकाणची दैवतं बोलावतो. ज्यांना बोलावलं त्यांच्या शिवेत, किंवा त्या गावच्या माणसांसाठी काही करताना, त्याचा फासा एक पायरी मोठा होतो, डी६ चा डी८. बाकी सगळीकडे एक पायरी लहान, डी४. आता त्या खेळाडूला पुढचा महिना फौज कुठून जाणार याचा विचार करावा लागतो आणि गेम मास्टरला नकाशावर देवळं मांडावी लागतात. बदल एवढाच. गोंधळ ही इथे विद्या आहे, कुणीही गुरूपाशी बसून शिकू शकतो, हेही तुमच्या जगात स्पष्ट असू द्या.

वैद्य सगळ्यात अवघड, कारण इथे थीफची चूक पुन्हा होण्याचा धोका आहे. वैद्य नावाचा क्लास आला की बाकीचे जखमा बांधणं सोडून देतात. म्हणून पहिला नियम: उपचाराची तपासणी, जखमेवरचं औषध पाजणं, हे सगळ्यांना जसं होतं तसंच राहील. मग ड्रुइड (निसर्गातून शक्ती घेणारा क्लास) घ्या आणि दुसऱ्या लेव्हलला मिळणारी प्राण्याचं रूप घेण्याची शक्ती काढून टाका. बदल्यात वैद्य रोज सकाळी आपल्या प्रॉफिशिअन्सी बोनसइतक्या (लेव्हलबरोबर वाढणाऱ्या कौशल्याच्या आकड्याइतक्या) मात्रा करतो, सुरुवातीला दोन. मात्रा घेणाऱ्याला एक डी८ अधिक वैद्याचा विझडमचा मॉडिफायर एवढे हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) मिळतात, किंवा विषाविरुद्ध फासा पुन्हा टाकता येतो. संध्याकाळी उरलेल्या मात्रा वाया. महत्त्वाचं हे की मात्रा ज्याच्या बटव्यात आहे तिथूनच ती काढावी लागते, आणि काढायला पूर्ण ॲक्शन लागते. त्यामुळे वैद्याचा खरा निर्णय लढाईच्या आधीचा: कुणाच्या बटव्यात काय ठेवायचं. आमच्या वैद्याने एकदा दोन्ही मात्रा सगळ्यात पुढे लढणाऱ्याला दिल्या. तो पहिल्या फेरीत पडला आणि दोघांना शत्रूच्या गराड्यात शिरून त्याचा बटवा उघडावा लागला. त्या सेशनची आठवण टेबलावर अजून निघते.

गटात क्लेरिक किंवा वैद्य असलाच पाहिजे का, हा प्रश्न यानंतर येतोच. नाही. पाचव्या आवृत्तीत प्रत्येकाकडे स्वतःचे हिट डाइस असतात आणि छोट्या विश्रांतीत ते टाकून हिट पॉइंट भरून काढता येतात. कुणालाही मनाविरुद्ध क्लेरिक खेळायला लावू नका.

पुस्तकांच्या किमतीमुळे अडत असाल तर २०२३ च्या जानेवारीपासून या आवृत्तीचा मूळ नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर मोफत मिळतो. त्यात बाराही क्लास आहेत, पण प्रत्येकाचा उपक्लास एकच. फायटरचा फक्त चॅम्पियन आहे, हे लक्षात ठेवा. तेवढ्यावरून फायटर कंटाळवाणा आहे असं मत बनवू नका. कुणा एकाकडे पुस्तक असेल तर बॅटल मास्टर जरूर वाचून घ्या. प्रत्येक खेळाडूला आपल्या क्लासची पहिल्या तीन लेव्हलपुरती पानं झेरॉक्स करून द्या, त्याहून जास्त नको.

निवड करताना 'कोणता क्लास हवा' असं विचारू नका. टर्न आली की लगेच काही करून मोकळं व्हायला आवडतं की विचार करायला? ताकद साठवून एकदम वापरायची की रोज थोडी थोडी? माणसांशी बोलायचं की वाट शोधायची? या उत्तरांवरून तुम्हीच दोन क्लास सुचवा आणि त्यातला एक त्यांना घेऊ द्या. अगदी नवख्याला ड्रुइड देऊ नका, प्राण्यांचे आकडे सतत उलगडून बसावे लागतात. वैद्य झालेला ड्रुइड मात्र चालेल. दोघांना एकच क्लास हवा असेल तर खुशाल घेऊ द्या, बारगीर-शिलेदारांचं उदाहरण वर आहेच. मल्टिक्लासला, म्हणजे एकाच पात्राने दुसराही क्लास घेण्याला, पुस्तकात संबंधित गुणात १३ लागतात; मी त्यावर पाचव्या लेव्हलपर्यंत थांबायची अट घालतो. फायटरचा दुसरा वार आणि विझार्डचे तिसऱ्या पायरीचे स्पेल पाचव्यालाच येतात, आणि ते चुकवलेला नवखा खेळाडू पुढे कितीतरी सेशन मागे पडलेला राहतो.

नेटवरच्या घरगुती क्लासबद्दल मी कडक आहे. पुष्कळ मेहनतीने लिहिलेले असतात, पण बहुतेकांत एकच दोष असतो: त्या क्लासला सगळंच येतं. तो आघाडीवर लढतो, मंत्र टाकतो, लपतो, जखमाही भरतो. कशावरही पाणी सोडत नाही. कुणी आग्रह धरला तर त्याच्या पहिल्या पाच लेव्हल वाचा आणि तो क्लास काय करू शकत नाही हे खेळाडूलाच लिहून काढायला सांगा. कागद कोरा राहिला तर क्लास परत करा.

तुमच्या गटातल्या त्या मुलीचा उत्साह मात्र वाया जाऊ देऊ नका, असा खेळाडू मिळणं भाग्याचं आहे. तिला गोंधळी स्वतःच्या हाताने लिहू द्या: अर्धं पान, बार्डमधली एक गोष्ट बाहेर, एक गोष्ट आत. माझा नियम वर दिला आहे, पण तिला दुसरं काही सुचलं तर तेच घ्या. ते अर्धं पान पहिल्या सेशनला सगळ्यांनी वाचावं आणि तिसऱ्या लेव्हलपर्यंत तसंच खेळावं. तिसऱ्या लेव्हलला पाचही जणांनी एकत्र बसून त्यात काय दुरुस्त करायचं ते करा; त्यानंतर कॅम्पेन संपेपर्यंत त्या पानाला हात लावू नका.